बर्फघराच्या दाराशी

"अजून एक," आप्पा म्हणाले आणि वाळूनं भरलेली कापडी पिशवी त्यांनी माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये कोंबली. मी मागं कलंडले. पोराला सायकलवर बसवताना लावतात तसा खालून तळवा लावून त्यांनी मला सरळ केलं आणि चालू लागले.

मे महिन्यातली भर दुपार होती. आमच्या बंदराच्या उत्तरेला काळ्या वाळूचा किनारा आहे. त्या वेळी तिथं कुत्रंसुद्धा पाय ठेवत नाही. आप्पा पुढं, डोक्यावर छत्री. मी मागं, नव्या जाड बुटांत, घोट्यापर्यंत रुतत. मधूनच ते छत्री मिटत आणि पुन्हा उघडत. ही पाणी पिण्याची खूण होती. तहान लागलेली असो वा नसो, छत्री मिटली की थांबायचं आणि पाणी प्यायचं. पाण्यात त्यांनी मीठ आणि कोकमाचं आगळ घातलेलं असे.

किनाऱ्याच्या टोकाला मासळी वाळवायचं खळं आहे. तिथं सावलीला बसलेली सुंदराक्का आम्हांला रोज बघायची.

"काय गो वृंदा," ती म्हणाली, "बापानं वाळू विकायचा धंदा काढला काय? का उन्हात भाजून तुझं लगीन जमवतोय?"

मी हसले. आप्पा नुसतेच पुढं गेले. तिनं मागून त्यांच्या नावानं हाक मारली, "अहो खडपे!" ते थांबलेही नाहीत. सुंदराक्कानं माझ्याकडं पाहून मान हलवली. तिला ठाऊक होतं. सगळ्या बंदराला ठाऊक होतं.

आई माघात गेली. तेव्हापासून आप्पांनी हाकेला ओ देणं सोडलं होतं. बोलणं बंद नव्हतं. भात पुरे म्हणायचे, दूध पातळ आल्याचं गवळ्याला सुनवायचे. पण हाक मारली की ओ नाही. मी स्वयंपाकघरातून "आप्पा" म्हणायचे, पडवीत शांतता. हातातलं टाकून धावत बाहेर यावं तर खुर्चीत बसलेले, डोळे उघडे, माझ्याकडं बघत. ऐकू नाही आलं का, असं विचारलं की म्हणायचे, आलं की. फोनचंही तेच. मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होते. दुपारी घरी फोन लावायचा, तो वाजून वाजून बंद व्हायचा, आणि मी वाचनालयाची किल्ली शिपायाच्या हातात देऊन एस.टी. पकडायची. घरी यावं तर हे अंगणात माडाच्या झावळ्या विणत बसलेले.

आई असताना असं नव्हतं. ती मागल्या दारी भांडी घासता घासता हाक द्यायची, "अहो, आहात ना?" आणि हे पडवीतून म्हणायचे, "आहे." दिवसातून कितीदा तरी. काम काही नसायचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच घरांत असं असतं.

आई गेली त्याच्या आधीच मी लडाखच्या वाटचालीला नाव दिलं होतं. महिनाभराची वाट. पठारावरच्या थंड वाळवंटातून चालत निघायचं, खाऱ्या सरोवरांच्या कडेनं दक्षिणेला यायचं आणि बर्फानं भरलेली एक उंच खिंड ओलांडून स्पितीत उतरायचं. प्रवासवर्णनं वाचण्यात माझी उमर गेली होती. आईच म्हणाली होती, "जा गो. दुसऱ्याचे पाय पुस्तकात किती दिवस मोजत बसशील?"

पण आता जायचं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. वाटेत बहुतेक दिवस फोन लागत नाही, असं आमच्या गटाच्या म्होरक्या साताऱ्याच्या बाईंनी स्पष्ट सांगितलेलं. ऐन पावसाळ्यात, आई गेल्यावरच्या पहिल्याच पावसाळ्यात, हाकेला ओ न देणाऱ्या माणसाला एकटं सोडून मी कुठल्या बर्फात जाणार होते? फक्त हे आप्पांना सांगायचं राहिलं होतं. आणि ते राहत गेलं, कारण तयारीचं निघाल्यापासून ते खुर्चीतून उठू लागले होते. सकाळी माझ्या आधी तयार होऊन ते पायरीवर बसत. त्यांच्या हातातली छत्री काढून घ्यायचं धाडस मला होत नव्हतं.

साताऱ्याच्या बाईंनी फोनवर एक गोष्ट बजावून सांगितली होती. तिथल्या कोरड्या हवेत घाम दिसायच्या आधीच उडून जातो. कोकणातली माणसं तिथं हमखास फसतात. अंग चिकट झालं नाही म्हणजे आपण दमलो नाही, असं समजून चालत राहतात आणि संध्याकाळी आडवी होतात. मी हे आप्पांना सांगितलं, तेव्हा ते खळ्यावर टांगलेल्या बोंबलांकडं बघत होते.

"बोंबील उन्हानं नाही सुकत," ते म्हणाले. "वाऱ्यानं सुकतो. त्याला कळतसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवसापासून छत्री मिटायची खूण सुरू झाली.

वाळू झाली, आता बर्फ, असं त्यांनी एका सकाळी जाहीर केलं. आप्पांनी सगळी नोकरी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात काढली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी तिथं त्यांचा शब्द चालायचा. मासेमारीची बंदी लागायला आठवडा उरला होता. त्यानंतर होड्या किनाऱ्यावर चढणार, कारखाना पावसाळाभर थंड पडणार. म्हणजे खरं तर गरम पडणार. त्याच्या आत काय ते उरकायचं होतं.

निघताना त्यांनी देवघराखालच्या फळीवरून एक बाटली काढली आणि सॅकच्या बाजूच्या खिशात ठेवली. आईच्या हातचं खोबरेल. ती नारळाचा रस आटवून घरीच तेल काढायची. तेवढीच बाटली राहिली होती. घरात तिला कुणी हात लावत नव्हतं.

"तिकडं न्यायची," आप्पा म्हणाले. "रात्री तळव्यांना चोळायचं. ओठांना, नाकाच्या शेंड्याला लावायचं. फोड नाही येत की कातडी नाही फुटत."

मी म्हटलं, राहू दे ना घरी. ते म्हणाले, तेल लावायला असतं.

कारखान्यात मजीदभाई होते. आप्पांच्या हाताखाली शिकलेले, आता तिथले मुख्य. माझ्या पायांतले बूट, पाठीवरची सॅक आणि आप्पांच्या हातातली काठी बघून त्यांनी कानावरची विडी काढून पुन्हा कानावर ठेवली.

"उस्ताद, पोरीला कुठं पाठवताय? लग्नाला का लढाईला?"

आप्पांनी बर्फाच्या घसरणीकडं बोट केलं. कारखान्यापासून खाली धक्क्यापर्यंत पत्र्याची उतरती घसरण होती; भुगा केलेला बर्फ तिच्यावरून थेट होडीत पडायचा. तिच्यावर त्यांनी भुग्याचा जाड थर टाकायला लावला. खालून वर चढायचं होतं. बुटाचं टोक बर्फात रोवायचं, पायरी करायची, वजन टाकायचं, मग दुसरा पाय. मी चार पावलं गेले आणि पोटावर घसरत खाली आले. होडीवरचे खलाशी जाळी आवरायची सोडून बघत उभे राहिले.

"बाय," मजीदभाई वरून म्हणाले, "एवढी वर्षं इथनं बर्फ खाली जातोय. वर चढणारी तू पहिलीच."

आप्पा मात्र हसले नाहीत. ते घसरणीच्या कडेनं माझ्याबरोबर वर येत, माझ्या पायांकडं बघत. पाय आपटू नको, रोव. काठी आधी, पाय नंतर. मी पडत राहिले आणि शेवटी एकदाची वर पोचले. गुडघे सोलवटले होते. खलाशांनी शिट्ट्या घातल्या. आप्पांनी माझ्या पाठीवरचा बर्फ झटकला.

मग त्यांनी मला बर्फघराशी नेलं. तयार लाद्या रचून ठेवायच्या खोलीला तिथले सगळे बर्फघर म्हणत. भिंतीएवढं जाड दार, बाहेरून कडी, आत एक पिवळा दिवा. माझं काम सोपं होतं. आत जाऊन बसायचं, बोटं बधिर होऊ द्यायची आणि मग त्याच बोटांनी बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधायच्या, सॅकची चेन उघडायची, बाटलीचं झाकण काढून पाणी प्यायचं.

"आणि ओ द्यायची," आप्पा म्हणाले.

कारखान्याचा नियम होता. बर्फघरात कुणी एकट्यानं जायचं नाही. एक आत गेला की दुसऱ्यानं दाराशी बसायचं आणि थोड्या थोड्या वेळानं हाक द्यायची, "आहेस?" आतल्यानं म्हणायचं, "आहे." थंडी माणसाला कुरवाळून झोपवते; त्याला स्वतःला वाटत असतं आपण जागे आहोत. दुसऱ्या हाकेलाही ओ आली नाही तर विचार करत बसायचं नाही, दार उघडायचं. बाहेरच्या माणसाला म्हणूनच दुसरं कुठलंही काम देत नसत. तंबाखूसुद्धा मळायची नाही.

मी आत गेले. दार लागलं आणि बंदराचा सगळा आवाज एकदम तुटला. लाद्यांमधून धूर निघावा तशी वाफ हिंडत होती. दाराला मुठीएवढं भोक होतं, तेवढ्यातून आप्पांची हाक आली.

"आहेस?"

"आहे."

नाड्या सुटल्या, पण बांधता येईनात. बोटं माझी असून माझी नव्हती. दातांनी ओढून कशी तरी गाठ मारली. तेवढ्यात पुन्हा हाक. मला त्या हाकेची मजा वाटू लागली, मग आधार वाटू लागला, आणि मग कुठं तरी आत हललं. कारण तो आवाज मी ओळखत होते, शब्दही ओळखत होते. आमच्या घरात फक्त ती हाक उलट्या बाजूनं यायची. मागल्या दारातून पडवीकडं.

ओठ चरचरले म्हणून मी खोबरेलाची बाटली काढली. उपडी केली. काही आलं नाही. दिव्याजवळ धरून पाहिली तर आत पांढरा दगड. आमच्याकडं थंडीतही फार तर पहाटे तेल ढगाळतं, ऊन आलं की पुन्हा पाण्यासारखं. ते असं थिजलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

बाहेर आले आणि बाटली आप्पांपुढं धरली. त्यांनी ती हलवली, उपडी केली, उजेडात फिरवली.

"सगळी नोकरी बर्फात केली," ते म्हणाले, "आणि हे नाही सुचलं."

मजीदभाईंनी लगेच उस्तादांच्या अकलेवर काही तरी टोमणा मारला. वर म्हणाले, काकी असती तर तिनं आधी सांगितलं असतं. म्हणून झाल्यावर त्यांनी जीभ चावली आणि कोरा चहा आणायला निघून गेले.

आप्पांनी सदऱ्याची बटणं काढली आणि बाटली काखेत धरली. आम्ही दाराशेजारच्या फळीवर बसलो. माझ्या बोटांत जीव परतत होता, मुंग्या येत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी बाटली काढून पाहिली. काचेच्या कडेनं तेल सुटायला लागलं होतं, मधला गोळा तसाच तरंगत होता.

"थिजलंय फक्त," ते म्हणाले. "अंगाशी ठेव झोपताना."

तेव्हाच मी सांगून टाकलं. "आप्पा, मी जात नाहीये."

त्यांनी बाटली परत काखेत धरली.

मी सगळं बोलले. फोन लागत नाही ते, पावसाळ्याचं, कॉलेजातून धावत यावं लागतं त्याचं. माझा सूर चढला असेल. तुम्ही ओ देत नाही, असं मी म्हटलं. मला कसं कळायचं तुम्ही आहात की नाही, असंही म्हटलं. ते समोर धक्क्याकडं बघत होते. मला वाटलं, आता ते छत्री उचलतील आणि घरी जातील, आणि उद्यापासून पुन्हा ती खुर्ची.

ते उठले. बाटली माझ्या मांडीवर ठेवली. खिळ्याला टांगलेलं मजीदभाईंचं घोंगडं खांद्यावर घेतलं आणि बर्फघराचं दार उघडलं.

"बस इथं," ते म्हणाले, आणि आत गेले. दार लागलं.

मी फळीवर बसून होते. मांडीवरच्या बाटलीत गोळा हळूहळू लहान होत होता. मजीदभाई चहाचे पेले घेऊन आले, बंद दार पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पेले खाली ठेवून लांब जाऊन उभे राहिले. मी दाराच्या भोकाशी तोंड नेलं.

"आप्पा? आहात?"

काही नाही. यंत्राची घरघर तेवढी. माझा हात कडीवर गेला. एक हाक अजून बाकी होती. ती मारायची मला भीती वाटत होती, इतकी भीती मला पुढं खिंडीतही वाटली नाही.

"आप्पा, आहात ना?"

आतून खोकल्याचा आवाज आला. मग, घसा बरेच दिवस वापरला नसल्यासारखा, "आहे."

मी कडी सोडली नाही. थोडं थांबून पुन्हा हाक मारली. "आहे." पुन्हा मारली. "आहे." दर वेळी आवाज जरा मोठा, जरा मोकळा. शेवटी तर आतून वैतागून उत्तर आलं, "आहे गो, आहे."

ते बाहेर आले तेव्हा मिशीवर पांढरी कणी धरली होती. त्यांनी चहाचा पेला दोन्ही हातांत धरला.

"तुझी आई आत होती," ते म्हणाले. मला आधी कळलं नाही. "दवाखान्यात. काचेचं दार होतं. तू औषध आणायला गेली होतीस. मी बाहेर बाकावर. हाक मारली, अगो, आहेस ना? हळूच मारली, तिथं मोठ्यानं बोलायचं नसतं. ओ आली नाही. दुसरी मारली. नाही आली." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आणि मला दार उघडू दिलं नाही."

समोर होडीत बर्फ पडत होता. मजीदभाई पाठ करून उभे होते.

"मग वाटलं, नकोच ते. हाक नको आणि ओ नको."

मी त्यांच्या खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं.

"तू जा," ते म्हणाले. "दिवेलागणीला हाक मार तिकडून. मी देईन ओ."

"आप्पा, फोन नाही लागत तिथं."

"फोनचं कोण बोलतंय?" ते म्हणाले. "हाक मारायची. ऐकू यायलाच पाहिजे असं कुठं आहे?"

मी गेले.

वाळवंटात मी तहानेची वाट पाहिली नाही. डोळ्यांपुढं छत्री मिटायची, मी थांबून पाणी प्यायचे. बाटली रात्री अंगाशी घेऊन झोपायचे आणि सकाळी तेल पातळ असायचं. खिंडीत भल्या पहाटे बुटाची टोकं रोवत चढताना मागून गटातल्या एकीनं विचारलं, हे बर्फात चालणं कुठं शिकलीस? मी म्हटलं, होडीत बर्फ सोडायच्या घसरणीवर. तिला ती थट्टा वाटली. रोज दिवेलागणीला मी तंबूपासून जरा दूर जायची, नैर्ऋत्येला तोंड करायची, म्हणजे आमचं बंदर तिकडं असावं अशा अंदाजानं, आणि हाक मारायची. पहिले दिवस लाज वाटली. मग सगळ्यांना सवय झाली. एखाद दिवशी मी विसरले तर साताऱ्याच्या बाईच आठवण करायच्या, वडिलांना हाक मारलीस का गं?

परत आले तेव्हा मजीदभाईंनी सांगितलं. ऑगस्टात एका संध्याकाळी आप्पा धक्क्यावर त्यांच्याशी बोलत बसलेले. घराघरांतून दिवे लागले तसे बोलता बोलता थांबले आणि समुद्राकडं पाठ करून मोठ्यानं म्हणाले, "आहे." मजीदभाईंनी विचारलं, कुणाला ओ देता उस्ताद? तर म्हणे, लडाखला.

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं होते. घरात हाक पुन्हा सुरू झाली, आता माझी. खोबरेल मीच काढू लागले. पहिल्या खेपेला करपवलं. आईच्या बाटलीत भरायच्या लायकीचं तेल जमायला वेळ लागला.

या चैत्रात त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. तेच काचेचं दार होतं की दुसरं, मला ठाऊक नाही. सगळी सारखीच दिसतात. मी बाहेर बाकावर बसले होते. मग उठून दार ढकललं. आतल्या सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं, हातातल्या बाटलीकडं पाहिलं आणि बाजूला झाली.

त्यांचे पाय गार होते. बाटली मी येताना वाटभर काखेत धरली होती. तेल हातावर घेऊन मी त्यांच्या तळव्यांना चोळू लागले. टाचांच्या भेगांत, बोटांच्या मधे. चेहऱ्यावर नळ्या होत्या, डोळे मिटलेले. मी वाकून, तिथं मोठ्यानं बोलायचं नसतं म्हणून हळूच, म्हटलं, "आप्पा, आहात ना?"

काही नाही. मी चोळत राहिले. थोड्या वेळानं दुसरी हाक मारली.

माझ्या हातातल्या पायाचा अंगठा हलला. अगदी जरासा.

"असं होतं कधी कधी," सिस्टर मऊ आवाजात म्हणाली. "त्यांना ऐकू येत नाहीये आता."

मी पुन्हा तेल हातावर घेतलं. ओ कशी असते, ते मला ठाऊक होतं.